पर्यटक खूश आहे, जागेचे काय?

निसर्ग पर्यटनाच्या कुठल्याही पाहणीत दोन प्रश्न हमखास असतात. इथे येऊन समाधान वाटले का? पुन्हा याल का, आणि इतरांना यायला सांगाल का? पर्यटनाच्या अभ्यासात पहिल्या उत्तराला समाधान म्हणतात आणि दुसऱ्याला निष्ठा. दोन्हींचे आकडे चांगले आले की स्थळ यशस्वी ठरते, निधीची मागणी सोपी होते, वाहनतळ वाढतो आणि पुढच्या हंगामात आणखी माणसे येतात. गेल्या चार-पाच दशकांत या दोन प्रश्नांभोवती जगभर भरपूर संशोधन झाले आहे. त्याचा आढावा घेताना पुण्याच्या आसपासच्या जागा समोर ठेवल्या, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. हॉटेलसाठी हे दोन प्रश्न पुरेसे आहेत. पठारासाठी, पाणथळीसाठी, काजव्यांनी लखलखणाऱ्या झाडासाठी ते अपुरे आहेत, आणि केवळ त्यांच्यावर विसंबून निर्णय घेतले तर नुकसान होते. निसर्ग पर्यटनात मोजायची ती निष्ठा वेगळी आहे: त्या जागेच्या भल्यासाठी पाहुणा स्वतःची किती गैरसोय आनंदाने सोसतो, हे पाहायला हवे.

या प्रश्नाचा विचार करायला पुण्याइतके सोयीचे शहर क्वचित सापडेल. शनिवार-रविवारी इथून निघणारी वाहने ऋतूप्रमाणे दिशा बदलतात. सिंहगड बारमाही. पावसाळ्यात ताम्हिणी आणि लोणावळा, सप्टेंबरात कास, थंडीत उजनीच्या फुगवट्यावरचे भिगवण, फेब्रुवारीपासून कोकणातले वेळास, आणि मेअखेर ते जूनच्या पहिल्या सरींपर्यंत राजमाची, पुरुषवाडी, भंडारदऱ्याचे काजवे. यातली बहुतेक ठिकाणे नाजूक आहेत, आणि अनेक ठिकाणी बहराचा काळ व गर्दीचा काळ एकच असतो. काजव्यांचे मीलन, कासवाच्या पिल्लांचा जन्म, पठारावरच्या वर्षायू वनस्पतींचे फुलणे आणि बी धरणे हे सारे थोड्या आठवड्यांत उरकते. नेमक्या त्याच आठवड्यांत आपण तिथे जातो.

समाधानाच्या अभ्यासाचा पाया मुळात बाजारपेठेच्या शास्त्रात घातला गेला. पिझाम, न्यूमन आणि रायकेल यांनी १९७८ मध्ये अमेरिकेतल्या केप कॉडच्या पर्यटकांचे समाधान कोणकोणत्या घटकांनी बनते हे तपासले. त्यानंतर दोन वर्षांनी रिचर्ड ऑलिव्हर यांनी जी मांडणी केली, ती आजही बहुतेक संशोधनाचा कणा आहे. ग्राहक मनात एक अपेक्षा घेऊन येतो. अनुभव त्याहून सरस ठरला तर तो समाधानी होतो, उणा ठरला तर नाराज होतो. पुढे यून आणि उयसल यांनी २००५ मध्ये उत्तर सायप्रसच्या पर्यटकांच्या अभ्यासातून प्रेरणा, समाधान आणि निष्ठा यांची साखळी जोडून दाखवली. त्याच धर्तीवर नंतर अभयारण्ये, राष्ट्रीय उद्याने आणि खेड्यांतले मुक्काम यांवर असंख्य शोधनिबंध आले. निष्कर्ष बहुतांशी एकाच सुरातले आहेत: सेवा चांगली असेल, स्वच्छता असेल, मार्गदर्शक जाणकार असेल, तर पर्यटक समाधानी होतो, आणि समाधानी पर्यटक पुन्हा येण्याची, दुसऱ्यांना सांगण्याची शक्यता वाढते. हे खोटे नाही. पण त्यातून सिद्ध होते ते इतकेच, की चांगली वागणूक माणसाला आवडते.

निसर्ग पर्यटनाची कल्पना याहून मोठी आहे. मेक्सिकोचे वास्तुविशारद हेक्टर सेबायोस-लास्कुराइन यांनी १९८३ च्या सुमारास हा शब्द रूढ केला. आंतरराष्ट्रीय निसर्ग पर्यटन संस्थेने १९९० मध्ये जी व्याख्या केली, तिच्यात पर्यावरणाचे जतन आणि स्थानिकांचे कल्याण या दोन अटी आहेत. म्हणजे या व्यवहारात पक्ष तीन: पाहुणा, गाव आणि निसर्ग. प्रतिसादाचा अर्ज भरतो तो फक्त पाहुणा. गावाला क्वचित कोणी विचारते, आणि ज्याच्या जिवावर हे सारे चालते त्याला तर बोलताच येत नाही. एका पक्षाच्या गुणपत्रिकेवरून तिघांचा निकाल लावला जातो, ही या संशोधनातली सर्वांत मोठी उणीव आहे.

दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. गर्दी वाढली की समाधान घटेल आणि आकडेच आपल्याला सावध करतील, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तसे होत नाही. अमेरिकेतल्या नद्या आणि जंगलांमध्ये दीर्घकाळ पाहण्या करून शेल्बी आणि हेबरलाइन यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात दाखवले, की माणसांची दाटी आणि पाहुण्यांचे समाधान यांचा संबंध आश्चर्य वाटावे इतका क्षीण असतो. त्याची कारणे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडली. ज्याला शांतता हवी असते तो गर्दी वाढल्यावर निघून जातो, आणि पाहणी होते तेव्हा तो तिथे नसतो. जो राहतो तो आपली अपेक्षा बदलतो: पूर्वी एकांताची जागा म्हणून येत असेल, तर आता मौजेची जागा म्हणून येतो आणि त्या मापाने खूशच असतो. त्यामुळे जागा बिघडत जाते आणि समाधानाचा आकडा मात्र हलत नाही.

सिंहगडावर हे उघड्या डोळ्यांनी दिसते. पहाटे आतकरवाडीच्या पायवाटेने गड चढणारे लोक वर्षानुवर्षे येतात, ऊन तापायच्या आत उतरतात आणि घरी जातात. रविवारी दुपारचा गड वेगळ्या लोकांचा असतो. गोळेवाडीच्या नाक्यावर वन समितीचे उपद्रव शुल्क भरून वाहने घाटाला लागतात. वरचा वाहनतळ भरला की खालीच वाहने अडवावी लागतात आणि वळणावळणावर कोंडी होते. गडावर पोचलेला माणूस पिठले-भाकरी खातो, कांदाभजी खातो, मडक्यातले दही खातो, कल्याण दरवाजापर्यंत जातो किंवा जात नाही, आणि समाधानाने परततो. त्याच्या समाधानात काही गैर नाही. ज्या घरांची चूल त्या भाकरीवर पेटते त्यांच्यासाठी तर ते मोलाचेच आहे. मात्र त्या दुपारी केलेली पाहणी गडाच्या उतारावरच्या झाडीबद्दल, कचऱ्याबद्दल, घसरणाऱ्या मातीबद्दल काही सांगणार नाही, आणि पहाटेच्या वेळेकडे किंवा आडवाटेच्या किल्ल्याकडे वळलेल्या माणसाबद्दलही नाही. मे २०२२ मध्ये खासगी वाहने बंद करून पीएमपीच्या विजेवरच्या बस गडावर सोडण्याचा प्रयोग झाला. हा उपाय मूळ प्रश्नाला हात घालणारा होता. पण अवघड वळणे, अपुऱ्या बस, लांबलेल्या रांगा आणि सुरक्षिततेची चिंता यांत तो काही आठवड्यांतच थांबला. तयारी अपुरी होती, हे मान्य करायला हवे. परंतु त्यानंतर तयारी पूर्ण करून तो प्रयोग नेटाने पुन्हा उभा करण्याचा दबाव पुणेकरांकडून आला नाही. आपली गाडी वर जाऊ लागली आणि बहुतेकांच्या लेखी प्रश्न मिटला.

अपेक्षेचा प्रश्न कासइतका स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. साताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे पंचवीस किलोमीटरवर, जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, इतकेच हे पठार. त्यावर साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पतींची नोंद झाली आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत कास होते. त्यानंतर गर्दीचा जो लोंढा आला त्याने वन खाते आणि आसपासच्या गावांची संयुक्त समिती यांना नियम करायला भाग पाडले: दिवसाला तीन हजारांची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी, माणशी शंभर-दीडशे रुपये शुल्क, ठरलेल्या वाटा. नियम योग्यच होते. पण पाहुणा घरून जे चित्र मनात घेऊन निघतो ते मोबाइलवरचे असते, क्षितिजापर्यंत जांभळा-गुलाबी गालिचा. पाऊस लांबला, धुके उतरले किंवा बहर आठवडाभर मागेपुढे झाला, की ऑलिव्हर यांच्या सूत्राप्रमाणे अपेक्षाभंग ठरलेला. ‘फोटोत दिसते तेवढी फुले नाहीत’ ही कासची नेहमीची तक्रार आहे.

ही तक्रार प्रतिसादाच्या अर्जाच्या तर्काने सोडवायची ठरवली तर काय होईल? निरीक्षण मनोरे, फरसबंद वाटा, सेल्फीच्या चौकटी, खाण्याच्या टपऱ्या, आणि कदाचित कुठूनतरी आणून लावलेली फुलझाडे. समाधान नक्की वाढेल आणि पठार बागेसारखे होत जाईल. दुसरा मार्ग अपेक्षेलाच हात घालण्याचा आहे. कासचे खरे आश्चर्य गालिच्यात नाही, गुडघे टेकल्यावर दिसते. सीतेची आसवे या नावाने ओळखले जाणारे नखाएवढे जांभळट फूल ज्या रोपाचे आहे, ते ओल्या मातीखाली बारीक पिशव्यांचे सापळे लावून सूक्ष्म जीव पकडते. शेजारीच दवबिंदूच्या पानांवरच्या केसांच्या टोकांना चिकट थेंब चमकत असतात आणि त्यांवर चिलटे अडकलेली दिसतात. जांभ्यावरच्या या मातीत नत्र इतके कमी, की जगायला वनस्पतींनी शिकार पत्करली. हे ज्याला कोणी दाखवले तो फुले कमी होती म्हणून नाराज होऊन परतणार नाही. त्याची अपेक्षा घटलेली नसते, ती वेगळ्या गोष्टीकडे वळलेली असते. आज कोणत्या फुलाचा काळ आहे आणि कोणत्याचा संपला, हे नोंदणी करतानाच प्रामाणिकपणे सांगितले तर निम्म्या तक्रारी घरीच संपतील.

कासच्या कुंपणाची हकीकतही इथे बोलकी आहे. गर्दीपासून फुले वाचवण्यासाठी पठाराला जाळीचे कुंपण घातले गेले. पाहुण्यांना आवर बसला, पण गावच्या गुरांची चराईही थांबली. काही वर्षांनी बहर पूर्वीसारखा राहिला नाही, गवत माजू लागले, अशी चर्चा सुरू झाली. गुरे गवत कमी ठेवत आणि त्यामुळे लहान रोपांना ऊन मिळे, हे म्हणणे पुढे आले आणि अखेर ते कुंपण काढण्यात आले. पाहुण्यांच्या प्रतिसादातून हे कधीच कळले नसते. गुरे चारणाऱ्यांना विचारले असते तर कदाचित आधीच कळले असते. तिघांपैकी दुसऱ्या पक्षाचा आवाज का हवा, याचे याहून चांगले उदाहरण जवळपास नाही.

आता वेळास. मंडणगड तालुक्यातल्या या गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले, आणि काही वर्षांत त्याला जोडून कासव महोत्सव उभा राहिला. पाहुण्यांना उतरायला हॉटेल नव्हते, म्हणून गावकऱ्यांनी घरे उघडली. आजही तिथला अनुभव म्हणजे माजघरातली सतरंजी, पंगतीतले जेवण आणि दिवसातून दोनदा किनाऱ्यावरची वाट. सकाळी आणि संध्याकाळी कासवमित्र कुंपणातल्या घरट्यावर झाकलेली टोपली उचलतो. खाली पिल्ले असली तर ती पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडली जातात. पाहुणे दोरीच्या अलीकडे उभे राहतात, फ्लॅश बंद, हात लावायचा नाही. पिल्ले स्वतःच्या पायांनी, पडत-धडपडत समुद्राकडे जातात, कारण त्या वाळूवरून त्यांना स्वतः चालू देणे हाच तिथला दंडक आहे. आणि अनेकदा टोपलीखाली काहीच नसते. इतक्या दूरवर, घाट उतरून आलेल्या पुणेकराला रिकामी टोपली दिसते.

ऑलिव्हर यांच्या सूत्राप्रमाणे असा पाहुणा संतापायला हवा. काही जण नाराज होतातही, पण महोत्सव टिकला, वाढला आणि कोकणातल्या इतर किनाऱ्यांनी त्याचा कित्ता गिरवला. कारण पिल्ले दिसतीलच असे वचन इथे दिलेले नाही, हे पाहुण्याला आधीच माहीत असते. अंडी उबवायला दीड ते दोन महिने लागतात आणि वाळूच्या उष्णतेवर सारे अवलंबून असते, हे त्याला सांगितलेले असते. न दिसणे हाही अनुभवाचा भाग होतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये मॉन रेपोज या किनाऱ्यावर टिस्डेल आणि विल्सन यांनी कासव पर्यटनाची पाहणी केली, तेव्हा तिथे येऊन गेलेल्यांची संवर्धनासाठी पैसे देण्याची तयारी वाढल्याचे आढळले, आणि प्रत्यक्ष कासव पाहिलेल्यांत ती जास्त होती. म्हणजे दर्शनाचे मोल आहेच, ते नाकारायचे कारण नाही. पण त्याच देशात बॅलंटाइन आणि पॅकर यांनी भेटीनंतरच्या काळाचा मागोवा घेतला, तेव्हा परतीच्या दिवशीचा उत्साह आपोआप टिकत नाही, नंतरही कोणीतरी धागा धरून ठेवावा लागतो, असे त्यांना दिसले. वेळासला हा धागा घरमालकिणीकडे असतो. ज्या घरात दोन रात्री जेवलो त्या घराला पुढच्या वर्षी फोन करून ‘यंदा घरटी किती?’ असे विचारणारा पाहुणा हा कोणत्याही प्रश्नावलीत न मावणारा निष्ठावान पाहुणा आहे.

याउलट, केवळ पाहुण्याला खूश ठेवण्याचा दबाव कोणाच्या हातून काय करवून घेतो ते भिगवण आणि उमरेडला पाहावे. उजनी धरणाच्या फुगवट्यावर कुंभारगाव, डिकसळच्या मासेमारांना पक्षिदर्शनाने नवा रोजगार दिला, आणि धरणात जमिनी गेलेल्या भागात ही मोठी गोष्ट आहे. चांगला नावाडी इंजिन लांबच बंद करतो, उथळ पाण्यात बांबूने होडी ढकलतो आणि रोहित पक्ष्यांचा थवा मान खाली घालून चरत असताना दाखवतो. पण कॅमेरेवाल्या पाहुण्याला पंख उघडलेले हवे असतात, कारण गुलाबी-काळा रंग तेव्हाच दिसतो. होडी थोडी आणखी पुढे नेली की थवा उडतो, फोटो मिळतो, बक्षिशी मिळते, आणि थव्याची चरायची वेळ व अंगातली ताकद वाया जाते. प्रत्येक होडीने दिवसातून दोनदा हेच केले तर पक्षी जागा सोडतात. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या वाहनांनी एक वाघीण आणि तिचे बछडे दोन्ही बाजूंनी अडवून धरले. ती चित्रफीत पसरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या वाहनांतल्या लोकांना त्या क्षणी विचारले असते, तर त्यांनी समाधानाला पूर्ण गुण दिले असते. कारवाई झाली ती चालकांवर आणि मार्गदर्शकांवर. ती आवश्यक होती. पण ज्या व्यवस्थेत मार्गदर्शकाची कमाई पाहुण्याच्या चेहऱ्यावर अवलंबून असते, तिच्यात तो नियमाच्या बाजूने उभा राहील ही अपेक्षा फार मोठी आहे. काजव्यांचेही तसेच. सादडा, हिरडा, जांभळाच्या झाडांवर नर-मादी एकमेकांना प्रकाशाने शोधतात, आणि आपण त्यांच्या वाटेत हेडलाइट लावून उभे राहतो.

निष्ठेकडे वळू. पुन्हा येणे हे तिचे माप घेतले तर निसर्ग पर्यटनात दोन्हीकडून फसगत होते. निसर्ग पाहायला निघणारे बरेचसे लोक नवेपणाच्या शोधात असतात. एकदा कास झाले की पुढच्या वर्षी दुसरे काही. मार्टिन ऑपरमन यांनी २००० मध्येच पर्यटनातल्या निष्ठेच्या मापांची चिकित्सा करताना, पुन्हा येणे आणि मनाने जोडलेले असणे ही दोन वेगळी मापे असल्याचे मांडले होते. जो कधीच परत येत नाही, पण कासबद्दल बोलताना ‘नोंदणी करूनच जा, वाट सोडू नका’ असे सांगतो, तो निष्ठावान की दर पावसाळ्यात धबधब्याखाली बाटल्या टाकून येणारा? आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्यांनी जागा सुरक्षित राहते असेही नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ पुण्यातल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवर कुंडमळ्याचा जुना पूल रविवारच्या गर्दीखाली कोसळला आणि चौघांचा जीव गेला. या दोन्ही जागा पुणेकरांच्या आवडत्या, वर्षानुवर्षे सवयीच्या होत्या.

पर्यावरण मानसशास्त्रात जागेशी जडलेल्या नात्याचा स्वतंत्र अभ्यास झाला आहे. अमेरिकेतल्या डॅनियल विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात दोन पदर वेगळे केले. एक गरजेचा: माझ्या कामाला ही जागा सोयीची आहे. दुसरा ओळखीचा: ही जागा माझ्या असण्याचा भाग आहे. पहिला पदर सोयीची दुसरी जागा मिळाली की तुटतो. दुसरा तुटत नाही आणि वेळ आली की माणसाला घराबाहेर काढतो. पुण्यात याचा पुरावा शहराच्या मधोमध आहे. वेताळ टेकडीला कोणी निसर्ग पर्यटनाचे ठिकाण म्हणत नाही. तिथे ना तिकीट आहे ना मार्गदर्शक. पण बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि बोगद्यांचे प्रस्ताव आले, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये टेकडी वाचवण्यासाठी पुणेकर मोठ्या संख्येने पायी मोर्चात उतरले. त्यात रोज पहाटे टेकडी चढणारे होते, पक्षी मोजणारे होते, रोपांना पाणी घालणारे होते. कोणत्याही निष्ठा निर्देशांकाने त्यांना मोजले नव्हते. त्यांना टेकडीने सोय फारशी दिली नव्हती, ओळख दिली होती.

यावर आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत. पहिला रोजगाराचा. गावाने घर उघडले, कर्ज काढून होडी घेतली, आणि आता शहरातला लेखक सांगतो की पाहुण्याला खूश करणे हे ध्येय नको. मग खायचे काय? या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच गावाच्या उत्पन्नाचा विचार समाधानाच्या आकड्यापेक्षा आधी यायला हवा. मात्र पाहुण्यांची संख्या आणि गावाचे उत्पन्न या एकच गोष्टी नाहीत. सकाळी गाडीने येऊन दुपारी परतणारी हजार माणसे कचरा गावात ठेवतात आणि पैसे महामार्गावरच्या ढाब्यात. दोन रात्री राहणारी शंभर माणसे गावाला जास्त देतात. वेळासला हॉटेल नसणे ही उणीव नव्हती. त्यामुळेच पैसा घराघरात गेला. शिवाय रोहित भिगवणला यायचे थांबले तर होडीचे कर्ज फेडणार कोण, हा प्रश्न नावाड्याला आपल्यापेक्षा चांगला कळतो. त्याला हवी आहे ती अशी व्यवस्था, जिच्यात थवा न उडवणाऱ्याचा फायदा होईल. फेऱ्यांचे दर ठरलेले, पाळी ठरलेली, अंतर ठरलेले, आणि बक्षिशी सगळ्यांच्या सामाईक डब्यात.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे. मर्यादा आणि शुल्क आले की निसर्ग पैसेवाल्यांचा होतो, ज्यांना ऑनलाइन नोंदणी जमत नाही ते बाहेर राहतात. शहराच्या चाळीत, वस्तीत राहणाऱ्या माणसाला धबधब्याखाली भिजण्याचा हक्क नाही का? हा हक्क पूर्ण आहे. म्हणूनच मर्यादा वाहनांवर आधी हवी, माणसांवर नंतर. गाडी नसलेल्याला बसने स्वस्तात जाता यायला हवे, महापालिका शाळांच्या सहलींसाठी जागा राखीव हवी, आणि शहराच्या आत टेकड्या, नदीकाठ, तळी मोकळी हवीत, म्हणजे हिरवळीसाठी प्रत्येकाला कास गाठावे लागणार नाही. शहरातल्या टेकड्यांवर बांधकाम होऊ देणे आणि मग दूरच्या पठारावर गर्दी झाली म्हणून हळहळणे, या दोन गोष्टी एकत्र शोभत नाहीत.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा: समाधान निदान मोजता येते, तुम्ही म्हणता ती बांधिलकी मोजायची कशी? उत्तर अवघड नाही. अमेरिकेच्या वन सेवेने १९८५ मध्येच स्वीकारार्ह बदलाच्या मर्यादांची पद्धत आखली. या जागेत किती बदल आपण सहन करणार, हे आधी ठरवायचे, त्याची खूण निश्चित करायची आणि ती ओलांडली की पाहुणे कितीही खूश असले तरी थांबायचे. कासला ही खूण पायवाटेबाहेर तुडवल्या गेलेल्या जमिनीची असू शकते, भिगवणला दिवसात किती वेळा थवा उडाला याची, सिंहगडावर वाहनांच्या संख्येची. पाहुण्याला विचारायचे प्रश्नही बदलता येतील. तुम्हाला नियम का आहे हे कोणी समजावले का? गर्दीमुळे आज परत जायला सांगितले असते तर पटले असते का? तुमच्या मार्गदर्शकाने एखादी मागणी नाकारली का, आणि ती नाकारली हे तुम्हाला योग्य वाटले का? शेवटच्या प्रश्नाला ज्या ठिकाणी ‘हो’ जास्त येईल ते ठिकाण चांगले चालले आहे, असे मी मानेन. आणि पाहुण्याच्या अर्जाशेजारी गावाचा अर्ज असलाच पाहिजे: या हंगामात पाणी पुरले का, रस्ता मोकळा राहिला का, घरात पैसे आले का.

पुणे वन विभागाने २०२४ मध्ये इंदापूरच्या कडबनवाडी आणि बारामतीच्या शिर्सुफळ परिसरात गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. ऑनलाइन नोंदणी, ठरलेल्या वाटा, गावातलेच मार्गदर्शक. त्याआधी लांडग्यांच्या मागे खासगी गाड्या माळावर वाटेल तशा फिरत होत्या. त्या माळांवर लांडगा, तरस, चिंकारा आहेत, आणि ते दिसतीलच असे नाही. ही व्यवस्था नवी आहे, म्हणूनच तिचे माप सुरुवातीपासून योग्य घ्यायची संधी आहे. पहिल्या काही वर्षांचा अहवाल किती पर्यटक आले आणि किती खूश झाले एवढ्यावर थांबला, तर पुढच्या वर्षी फेऱ्या वाढवण्याची मागणी येईल, आणि ती नाकारायला वन विभागाच्या हातात आकडा नसेल. लांडग्यांच्या बिळांची आणि चिंकाऱ्यांच्या कळपांची नोंद त्याच अहवालात, त्याच पानावर असायला हवी.

राहता राहिला वाचक, जो येत्या सप्टेंबरात कासला निघणार आहे. नोंदणी मिळाली तर अवश्य जा, वाट सोडू नका, मार्गदर्शक घ्या, गुडघे टेकून बघा. नाही मिळाली, तर साताऱ्यापर्यंत आलोच आहोत म्हणून नियम नसलेल्या शेजारच्या एखाद्या पठारावर गाडी घालू नका. तिथेही तीच पातळ माती आहे, फक्त राखायला कोणी नाही. पुढच्या आठवड्याची नोंदणी बघा, नाहीतर पुढच्या वर्षी जा.